विरी गेलेलं पीठ

३ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी ही वही दिली. सोनमनं रोज काय खाल्लं, पोट कसं राहिलं, ते लिहायचं आणि महिन्यानं दाखवायचं. मी म्हटलं, मॅडम, मी चौथी शिकलेली बाई. तर म्हणाल्या, चौथी पुरे.

तर वही पुढून मॅडमची. सकाळी कण्या, दुपारी भाकरी, जुलाब दोन. मागून माझी. माझ्या डोक्यातलं त्यांच्या रकान्यात मावत नाही.

सोनम माझ्या धाकट्या भावाची, बिरुदेवाची पोरगी. बारा वर्षांची आणि वजन चोवीस किलो. हात बघितले की चुलीतल्या काटक्या आठवतात. गव्हाच्या पिठाला जी विरी असते, चपाती कितीही ताणली तरी तुटत नाही ती, तीच हिच्या आतड्याला बाधते म्हणे. दवाखान्यात त्याला ग्लुटेन म्हणतात. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही.

बिरुदेव आणि भावजय केराबाई दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतात. रानात हे पथ्य कोण सांभाळणार, म्हणून पोरगी नातेपुत्याहून माझ्याकडं सोलापूरला आणली. हितल्या शाळेत सातवीत नाव घातलं. जाताना बिरुदेवानं माझ्या हातात पैसे ठेवले. कळपातला एडका विकून आलेले. म्हणाला, "आक्का, मॅडम सांगत्यात तसलं पाकिटातलंच पीठ आन. हयगय नगं."

मी म्हटलं, "तू जा. माझ्या घरात तिला काय कमी हाय?"

६ नोव्हेंबर

पाकीट बघून आले. एक किलोचं. तेवढ्याच पैशात पाच किलो जोंधळा येतो. वर सगळं इंग्रजी. सोनमला वाचायला लावलं तर म्हणाली, "आत्या, ज्वारीचं पीठ लिवलंय." दुकानातच हसू आलं मला. सोलापुरात येऊन आम्हाला जोंधळा विकतात, तोही पाकिटातनं.

आडतीवर गेले. नवा शाळू जोंधळा यायला अजून फाल्गुन उजाडेल. मागल्या सालचा चांगला शाळू महाग. कोपऱ्यात त्याच्याही आधीचा होता, थोडा किडलेला, निम्म्या दरात. तो घेतला. वाळवला, पाखडला, एक एक दाणा निवडला. मॅडमनी सांगितलं होतं, गव्हाचं दळलेल्या चाकात दळू नका. शिवप्पाच्या गिरणीत गव्हाचं चाक वेगळं आणि जोंधळ्याचं वेगळं. मी रोज जाता-येता डोळ्यांनी बघते की. डबा ठेवला आणि आले. शिवप्पाला काही सांगावं लागत नाही, माझा डबा तो लांबून ओळखतो. सव्वीस वर्षं झाली.

जुन्या जोंधळ्याच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना काठ फाटतात. माझी फाटली नाही. टम्म फुगली. मालक म्हणाले, "तुझ्या हाताला काय हाय काय म्हाईत." सासूसुद्धा शेवटपर्यंत हेच म्हणायची.

१४ नोव्हेंबर

पथ्याचं लोक उगीच अवघड करून ठेवतात. जोंधळ्याच्या कण्या, हुलग्याचं माडगं, रेशनचा तांदूळ. बिस्किटाऐवजी लाह्या आणि गूळ-शेंगदाणे. हिंगात मैदा असतो म्हणून हिंग बंद केला, फोडणीला लसूण दोन पाकळ्या जास्त. घरात गहूच ठेवला नाही. मालक कुरकुरले, "मला तरी एक चपाती." म्हटलं, "पोटाला ती आजारी हाय आणि लाड तुमचे?" 

एडक्याचे पैसे बरेच उरले. मिक्सर घेतला. कण्या भरडायला लागतोच की. बिरुदेवाचा फोन आला तेव्हा म्हटलं, पीठ पाकिटाचंच आहे. सोनम शेजारी अभ्यास करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

१ डिसेंबर

वजन चोवीसच. पाव किलोसुद्धा वाढलं नाही. पोट तसंच, दिवसाला दोन-तीनदा. मॅडमनी पुढची पानं वाचली. म्हणाल्या, सगळं बरोबर दिसतंय. मग सोनमला बाहेर बसवून मला हळूच विचारलं, "शाळेत वगैरे काही खाते का?"

मला का सुचलं नाही हे.

६ डिसेंबर

दप्तर उपसलं. इतिहासाच्या पुस्तकात क्रीमच्या बिस्किटाचं कव्हर सापडलं. सोनम म्हणते, मैत्रिणीनं खाल्लं, चमचम करतंय म्हणून मी खुणेला ठेवलं. डोळ्यात डोळे घालून सांगते. असली पोरं जास्त लबाड.

मी एवढी राबते. पहाटे उठून हिच्या डब्याची भाकरी करते. आणि ही.

२३ डिसेंबर

आठ दिवस वळसंगला होते, नणंदेचं बाळंतपण. मालकांना स्वयंपाकाचं काही येत नाही, म्हणून सोनमला शेजारच्या काशम्माकडं जेवायला सांगितलं होतं. काशम्माचं घर तेलुगू, तीनही वेळा भात आणि चारू, म्हणजे चिंचेचं सार. आल्यावर विचारलं, "पोट कसं होतं हिचं?"

काशम्मा म्हणाली, "एकदम चांगलं. चारू-भात पोट भरून खाल्ली. एकदाबी धावली न्हाई. गाल बघा की."

बघितलं तर खरंच गाल भरून आलेले. आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. म्हणजे परक्याच्या घरात ही शिस्तीत राहते, लाजेकाजेनं बाहेरचं खात नाही. आणि माझ्या घरी आली की चोरते. आत्या म्हणजे हिला काय वाटते?

संध्याकाळी मुद्दाम दोन भाकऱ्या खाऊ घातल्या. शेजारणीच्या भातानं गाल भरतात, मग माझ्या भाकरीनं का नाही.

२८ डिसेंबर

पोट परत सुरू. मी बरोबर ओळखलं होतं.

३ जानेवारी

तीन दिवस विचारतेय, खरं सांग. ती न्हाई, न्हाई करते. काल सकाळी मी जाहीर केलं, तू खरं बोलत नाहीस तोवर मी अन्नाला शिवणार नाही. मालक म्हणाले, "पोरीवर कशाला घालतीस?" मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका.

काल दिवसभर पाण्यावर होते. सोनम तीन वेळा ताट वाढून माझ्यापुढं आली, मी ढकललं. आज दुपारी शाळेतनं आली, दप्तर खांद्यावरच होतं, दारातच म्हणाली, "खाल्लं."

"काय खाल्लं?"

"वडापाव."

"कुटं?"

"शाळंपुढं."

"पैसे कुणी दिले?"

ती भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आता जेव की."

जेवले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं. दोन महिन्यांचं कोडं सुटलं.

५ जानेवारी

शाळेत गेले. बाई वर्गात शिकवत होत्या. मी दारातनंच सांगितलं, म्हणजे सगळ्यांच्या कानावर जाईल. हिला कुणी काही खायला देऊ नका, ही चोरून खाते, औषधपाण्याचा सगळा खर्च पाण्यात जातो. पोरं हसली. सोनम दुसऱ्या बाकावर होती. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, मी तिला माझ्यासमोर डबा खायला बसवेन."

बिरुदेवालाही फोन लावला. म्हटलं, तुझी पोरगी चोरटी निघाली, माझ्याच्यानं होत नाही, येऊन घेऊन जा. पलीकडं मेंढरं ओरडत होती, त्याला दोनदा सांगावं लागलं.  मग म्हणाला, "म्हैनाअखेरीला येतो. नेतो संगं. ऱ्हाऊ दे शाळा."

सोनमला सांगितलं. तिनं विचारलं, "चाचणी एकतीसला हाय, त्याच्या आदी का नंतर?" मी म्हटलं, ते तुझ्या बापाला विचार.

१४ जानेवारी

आज संक्रांत. गड्ड्याची जत्रा भरली आहे. सोनमला नेलं नाही. तिथं पावलापावलाला खाण्याच्या गाड्या. काशम्माच्या घरचे सगळे गेले, तिला बोलवत होते. मी नको म्हटलं. ती अंगणात बसून त्यांच्या पोरांच्या चपलांचे बंद लावून देत होती.

दुपारी भाकरी वाढली तर म्हणाली, "आत्या, मला नुसता भात घालतीस?" मी म्हटलं, "का, भाकरी कडू लागती? नखरे नकोत." खाल्ली.

१८ जानेवारी

दळण घेऊन गेले तर लाईट गेलेली. एरवी डबा ठेवून येते. आज घरी करमत नव्हतं, बसून राहिले गिरणीतच. अर्ध्या तासानं लाईट आली. शिवप्पानं माझा डबा उचलला, वर जोंधळा ओतला, बाजूच्या पोत्यात हात घातला आणि मूठ भरून वरून सोडली.

मी म्हटलं, "काय टाकलं?"

"मूठ."

"कसली मूठ?"

"गव्हाची की अक्का. दुसरी कसली?"

"माझ्या जोंधळ्यात गहू?"

त्यानं चाक बंद केलं. माझ्याकडं बघायला लागला, मला काही झालंय का म्हणून. म्हणाला, "तुमीच सांगितलेलं. नवीन लगीन होऊन आला होता. जुना जोंधळा आनत होता. म्हनला, भाकरी तुटती, सासू बोलती, शिवप्पा, जरा मूठभर गहू टाकत जा, इरी येती. आनि कुनाला सांगू नका, म्हनला तुमी. तवापास्नं तुमचा डबा आला की मूठ पडती. एक दिवस चुकलो न्हाई बगा."

कौतुकानं सांगत होता.

"आणि पैसे?"

"मुठीचं काय पैसं घ्यायचं अक्का."

मला आठवलं. सगळं आठवलं. हिरवं लुगडं, डोक्यावर डबा, आणि हाच माणूस, तेव्हा मिशा काळ्या होत्या. मी एकदा सांगितलं आणि विसरले. वर सव्वीस वर्षं हाताच्या गुणाचं कौतुक करून घेतलं.

शिवप्पा विचारत होता, "काय चुकलं काय?" मी म्हटलं, "न्हाई. आता टाकू नका." कारण सांगितलं नाही.

पीठ घेऊन आले आणि पुलापलीकडच्या गोठ्यात म्हशींना घातलं. सोनमला भात केला. तिनं विचारलं नाही, भाकरी का नाही म्हणून.

१९ जानेवारी

पुढच्या पानांवर मॅडमसाठी लिहिलं, दुपारी भात, रात्री भात. एवढंच.

२२ जानेवारी

विचार केला तर कुणाला काही कळायचं कारण नाही. शिवप्पाला सोनमचा आजार माहीत नाही. मूठ बंद झाली, पोरगी आपसूक बरी होईल. लोक म्हणतील, वडापाव सुटला म्हणून बरी झाली. बिरुदेव तिला घेऊन गेला तरी रानात तांदळावर राहील. कुणाचं काय जातंय?

मालकांनाही सांगितलं नाही. हे लिहायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "येवडं काय लिवतीस?" म्हटलं, जुलाब.

२४ जानेवारी

सहा दिवस पोट एकदम चांगलं. काशम्मा दारात उभी राहून म्हणाली, "म्हाळसाबाई, तुमी धाक लावला म्हणून पोरगी सुधारली. आमच्यासारखी असती तर लाडानं मारली असती." सोनम तिथंच तांदूळ निवडत होती. तिच्या बोटांनी खडा बाजूला काढला, परत पुढचे तांदूळ.

मी आत निघून आले. काशम्माला वाटलं, मी लाजले.

२५ जानेवारी

विचारलं. तिची वेणी घालत होते, म्हणजे तोंड पलीकडं होतं. म्हटलं, "सोनम, तू वडापाव खाल्ला होतास?"

"न्हाई."

"बिस्कीट?"

"न्हाई."

"मग हो का म्हणालीस?"

 मग म्हणाली, "तू जेवत नव्हतीस."

मी वेणी सोडली आणि परत घातली. तीनदा घातली. शेवटी तीच म्हणाली, "आत्या, दुकतंय."

तेव्हा सांगितलं. मुठीचं, सासूचं, शिवप्पाचं. पाकिटाच्या पिठाचं ती आधीच जाणून होती. मला वाटलं, रडेल नाहीतर ओरडेल. ती म्हणाली, "म्हंजी गहू भाकरीतच हुता?" आणि स्वतःच्या पोटाकडं बघितलं, तिथं कुणी बसलंय असं.

मी म्हटलं, माझं चुकलं. असं मी आजवर मालकांनासुद्धा म्हटलेलं नाही.

२८ जानेवारी

बिरुदेव आला. घोंगडी खाली ठेवायच्या आत त्याला सगळं सांगितलं. मिक्सरसुद्धा कोपऱ्यातनं पुढं आणून ठेवला. त्यानं मिक्सरकडं बघितलंच नाही.

म्हणाला, "पैशाचं सोड आक्का. तू फोनवर चोरटी म्हनलीस, ते मी केराबाईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं दोन दिस चूल पेटवली न्हाई. म्हनायची, माज्या पोटची पोर आनि चोरी. तिला तू सांग, मी न्हाई सांगत."

फोन लावून माझ्या हातात दिला. मी केराबाईला सांगितलं. भरभर सांगितलं, मधे थांबले असते तर जमलं नसतं. ती शेवटी "बरं" म्हणाली. शिवी दिली असती तर चाललं असतं. नुसतं बरं.

मग बिरुदेव पोरीला म्हणाला, "चल. तुजी आय वाट बगतीया."

सोनम म्हणाली, "चाचणी हाय."

"चाचणीचं काय येवडं?"

"मला न्हाई जायाचं, आबा. पर हितंबी असंच न्हाई ऱ्हायाचं." मग माझ्याकडं वळली. "आत्या, तू वर्गात सांगितलंवतंस. पोरी माज्या डब्याला हात लावत न्हाईत, चोरटीचा डबा म्हनत्यात. बाई मला टेबलाजवळ बसवून खाऊ घालत्यात. तू वर्गात सांग."

मी म्हटलं, "बाईंना सांगते की. उद्या."

"बाईंना न्हाई. वर्गात."

बिरुदेव मान खाली घालून बसला होता. मला वाटतं तो हसत होता, पण खात्री नाही.

३० जानेवारी

काल गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हटलं. खरं तर दुखत नव्हतं. सोनम एकटी शाळेत गेली. रात्री बिरुदेव म्हणाला, उद्या सांजच्या एसटीनं निघतो, पोरगी संगं का एकटा, तेवढं सांग.

म्हणून आज गेले. बाईंना म्हटलं, पोरांशी बोलायचं आहे. त्यांनी फळ्याजवळ जागा दिली. चाळीस-पंचेचाळीस पोरं. मला चौथीतलं आठवलं, कविता आली नाही म्हणून मी अशीच उभी होते.

म्हटलं, "सोनम चोर न्हाई. तिनं बाहेरचं काहीच खाल्लं न्हाई. तिच्या भाकरीत गहू पडत होता, माझ्यामुळं. मी स्वस्तातला जोंधळा आणला आणि जुनी सवय विसरले. ती खरं बोलत होती. मी तिच्यावर आळ घेतला."

एक पोरगी म्हणाली, "मग ती हो का म्हणाली, काकू?"

 बाई तिला म्हणाल्या, "बस खाली." पण मी सांगितलं. "मी जेवत नव्हते म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सोनम बाकाच्या फळीवर नख ओढत होती.

शाळा सुटल्यावर घरी आली तेव्हा म्हटलं, "झालं मनासारखं?"

म्हणाली, "लई मोठ्यानं बोललीस."

"मागच्या बाकावर ऐकू जायला नको?"

संध्याकाळी बिरुदेव एकटाच एसटीत बसला.

१६ फेब्रुवारी

वजन सव्वापंचवीस. मॅडमना मुठीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, पुढच्या पानांवरही लिहून टाका, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. लिहिलं.

शिवप्पालाही सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. आता मंगळवारी सकाळी पहिलं दळण माझं. आधी तो चाक उघडून झाडतो, माझाच थोडा जोंधळा त्यातनं काढून म्हशींना टाकतो, मग बाकीचं दळतो. मी पिठानं पांढरी होईपर्यंत तिथं उभी असते. भाकऱ्यांचे काठ फाटतात. उकळतं पाणी घालून मळते, तरी फाटतात. मालक काही म्हणत नाहीत.

सोनम पहिल्यासारखी झाली आहे असं काशम्मा म्हणते. झाली असेल. अभ्यास करते, हसते, माझ्याकडनं वेणी घालून घेते. पण जेवायला बसली की घास मोडायच्या आधी रोज विचारते, "आत्या, दळताना उभी हुतीस?"

मी सांगते, "व्हय, होते."

मग खाते.

पहिले दोन-तीन दिवस राग आला. म्हटलं, एकदा सांगितलं की, आता किती वेळा. पण गिळलं ते. तिनं विचारायचं, मी सांगायचं. विचारू दे.